मलावीच्या खेड्यात राहायचं तर: पाणी, पीठ आणि बाकीचं

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावीत स्वयंसेवक म्हणून निघालेली मंडळी सामान भरताना कामाचाच विचार करतात. शाळेत काय शिकवायचं, शेतकरी गटाला काय दाखवायचं, आरोग्य केंद्रात कुठली नोंदवही सुरू करायची. गावात पोचल्यावर कळतं की दिवसाचे तीन-चार तास नुसतं घर चालवण्यात जातात. पाणी आणायचं, चूल पेटवायची, धुणं, अंगण झाडणं, फोन चार्ज करायला बाजारापर्यंत जाऊन येणं. हे तास हिशेबात धरले नाहीत तर दुसऱ्या महिन्यापर्यंत माणूस एकतर आजारी पडतो, नाहीतर गावावर चिडायला लागतो. अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेने १९६३ साली पहिल्यांदा मलावीत स्वयंसेवक पाठवले. त्यांची मुदत २७ महिन्यांची असते आणि त्यातले पहिले तीन भाषा आणि घरगुती कामं शिकण्यात जातात. ते उगीच नाही. दोन आठवड्यांसाठी येणाऱ्यांना धड न्सिमा, म्हणजे तिथला रोजचा मक्याच्या पिठाचा गोळा, ढवळायलाही जमत नाही, गावाचं काय भलं करणार?

पुढचं सगळं मध्य आणि दक्षिण मलावीतल्या, वीज न पोचलेल्या चिचेवा भाषिक खेड्यांना धरून आहे. उत्तरेत भाषा बदलते, सरोवराकाठी मासळी जास्त मिळते, शिरे नदीच्या खोऱ्यात उन्हाळा जास्त कडक. बाकी चूल आणि बादली तीच.

पाणी

बहुतेक गावांत पाणी म्हणजे अफ्रिडेव्ह हातपंप. ४५ मीटर खोलीवरून पाणी ओढता यावं आणि गावातल्याच माणसांना तो दुरुस्त करता यावा, या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून तो बनवला गेला. एका बोअरवेलवर २५० माणसं हा सरकारी निकष. शेजारच्या गावचा पंप बंद पडला की हा आकडा सहज दुप्पट होतो. पंप धडधाकट असेल तर २० लिटरची बादली दीडेक मिनिटात भरते.

एकट्या माणसाला रोज दोन बादल्या लागतात. तीन-चार लिटर प्यायला, दहा-बारा स्वयंपाक आणि भांड्यांना, दहा अंघोळीला, उरलेलं हातपाय धुवायला. धुण्याच्या दिवशी आणखी दोन. भरलेली बादली वीस किलोची. ती हातात धरून नेली तर अर्ध्या वाटेतच बोटांना कळ लागते, आणि डोक्यावर नेणं मोठेपणी शिकायला वेळ लागतो. सोपा मार्ग म्हणजे झाकणाचा २० लिटरचा कॅन सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी आवळून बांधायचा. कॅन काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला कॅन वळणावर हिंदकळतो आणि सायकल आडवी करतो.

रांग बादल्यांची असते. आपली बादली रांगेत ठेवून सावलीला उभं राहायचं, पाळी आली की बायका हाक मारतात. पहाटे पाच ते सात आणि दुपारी चारनंतर गर्दी, भर दुपारी पंप मोकळा. पाणी भरणं हे इथे बायका-मुलींचं काम, त्यामुळे पुरुष बादली घेऊन आला की हशा पिकतो. पिकू द्यावा. पंपावर जितकं चिचेवा कानावर पडतं तितकं कुठल्या वर्गात पडणार नाही. पाण्यासाठी आणि धुण्यासाठी पगारी माणूस ठेवणंही तिथे सर्वमान्य आहे, उलट परवडत असून न ठेवणारा कंजूष ठरतो. मात्र रोजंदारी किती द्यायची हे गावच्या मुख्याला किंवा शाळेतल्या शिक्षकांना विचारून ठरवा. मनाने दुप्पट दिलीत तर शेजारच्या शिक्षकाची कामवाली दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे तेवढीच मागते.

पंपाला काय झालंय हे बऱ्याचदा हँडलच सांगतं. सकाळी पहिलं पाणी यायला वीस-पंचवीस वेळा हँडल मारावं लागतं आणि मग दिवसभर काही अडत नाही, तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी तळाची झडप, किंवा पाइपाचा एखादा सांधा गळतोय. रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरतं. पाणी लगेच येतं, पण दर खेपेला धार बारीक, तर प्लंजरचा, म्हणजे आतल्या दट्ट्याचा, यू-सील झिजलाय. हँडल डगडगतं, करकरतं, तर वरची प्लॅस्टिकची बुश बेअरिंग गेली. ती स्वस्त असतात आणि वर्षाला बदलायचीच असतात. बदलली नाहीत तर त्यांच्या आतली लोखंडी पिन आणि हँडल खाल्लं जातं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. हँडल अचानक हलकं होऊन पाणी साफ बंद झालं, तर आतल्या सळईचा जोड निसटलाय किंवा सळई तुटलीय. आणि पाणी येऊन मग नुसती हवा येत असेल, अर्धा तास पंपाला विश्रांती दिल्यावर पुन्हा पाणी येत असेल, तर पंपाचा दोष नाही. बोअरमध्येच पाणी कमी आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर हे होतंच. त्या दिवसांत पंप उघडून बसणं म्हणजे वेळ घालवणं.

अफ्रिडेव्हची खुबी अशी की एक पाना आणि आतलं ओढून काढायचा एक आकडा, एवढ्यावर तो खुलतो. पाइप न उपसता प्लंजर आणि फूट व्हॉल्व्ह वर काढता येतात. गावाची पाणी समिती दरमहा घरटी वर्गणी गोळा करते, भागातल्या मेकॅनिकला तीच बोलावते आणि पैसेही तीच देते. इथे स्वयंसेवकाचा हात शिवशिवतो, कारण सीलची किंमत त्याच्या लेखी किरकोळ असते. तरी खिशातून सील आणून देऊ नये. एकदा दिलं की पुढच्या महिन्यापासून वर्गणी थांबते आणि तुम्ही गेल्यावर पंप महिनोन्‌महिने पडून राहतो. इतर घरांइतकीच वर्गणी वेळेवर भरा, हिशेबाची वही लिहायला कुणी मदत मागितली तर बसा.

बोअरचं पाणी आत बरं असतं, ते बिघडतं बादलीत. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली कॉलऱ्याची साथ मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी ठरली, १,७०० हून जास्त माणसं गेली. मार्च २०२३ च्या फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिणेत पुराचं पाणी विहिरी-संडासांवरून फिरवलं तेव्हाही ती चालूच होती. तेव्हा क्लोरिन रोज घालायचं, साथ असो नसो. काही गावांत पंपाशेजारीच क्लोरिनची टाकी असते. तोटी एकदा फिरवली की तीन मिलिलिटर पडतं, ते २० लिटरसाठी. तोटी आधी, पाणी नंतर, म्हणजे आपोआप मिसळतं. अर्धा तास थांबून मग प्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी चारपदरी चितेंजेतून (बायका कमरेला गुंडाळतात ते सुती कापड) गाळून घ्या, नाहीतर क्लोरिन गाळावरच खर्च होतं. विकतची बाटली उन्हात ठेवली तर तिचा जोर उतरतो. प्यायचं पाणी तोटीच्या झाकणवाल्या बादलीत ठेवा. पेला बुडवायची पद्धत घरात शिरू देऊ नका, पाहुण्यांसाठीसुद्धा.

संडास खड्ड्याचा, घरामागे. रोज मूठभर चुलीतली राख टाकली की माश्या आणि वास दोन्ही आटोक्यात. सिमेंटची फरशी नसून लाकडांवर मातीचा थर असेल तर पावसाळ्यापूर्वी खालची लाकडं बघून घ्या. ती वाळवी खाते, आणि जानेवारीच्या पावसात माती जड झाली की फरशी खचते.

चूल आणि पीठ

तीन दगडांची चूल सगळीकडे असते, पण चितेतेझो नावाची मातीची सुटी चूल घ्या. लाकूड बरंच कमी लागतं, धूर कमी होतो, उचलून पडवीत नेता येते. पडवीला तिथे खोंडे म्हणतात. कोळशाची शेगडी म्हणजे म्बाउला. विनापरवाना कोळसा पाडणं आणि विकणं बेकायदा आहे आणि तरीही रस्त्याकडेला पोतीच्या पोती उभी असतात. जून-जुलैत पठारावर रात्री तापमान दहा अंशांच्या खाली येतं, शिरेच्या पठारी भागात चिपेरोनी या थंड, धुकट पावसाची भुरभुर चालू असते, आणि म्बाउला झोपायच्या खोलीत ओढायचा मोह होतो. बंद खोलीतला कोळसा जीव घेतो. दोन ब्लँकेटं जास्त न्या.

लाकूड ऑक्टोबरातच छपराखाली रचून ठेवायचं. जानेवारीत ओल्या लाकडावर पाणी उकळायला पाऊण तास लागतो आणि डोळे वेगळे जातात.

न्सिमा हे दोन वेळचं जेवण. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत न्दिवो म्हणजे कालवण. तांदळाची उकड काढलेल्या हातांना तो पटकन जमतो, फरक इतकाच की यात पीठ दोन टप्प्यांत पडतं. दोघांसाठी चार वाट्या पाणी. ते कोमट असतानाच अर्धी वाटी पीठ घालून ढवळत राहा. उकळलं की पातळ पेज तयार होते, तिला फाला म्हणतात. झाकण अर्धवट ठेवून ती पाच-सात मिनिटं शिजू द्या. ती खदखदताना उडते आणि मनगट भाजतं, म्हणून लांब दांड्याचा म्थिको, म्हणजे लाकडी पळा. मग उरलेलं दीड ते दोन वाट्या पीठ मूठ-मूठ सोडत, म्थिको भांड्याच्या कडेला दाबून आपल्याकडे ओढायचा. गोलगोल ढवळून भागत नाही, गुठळी चिरडावी लागते. दोन पायांत भांडं धरून बायका हे काम करतात ते याचसाठी. तीन-चार मिनिटांत गोळा कडा सोडतो. चिपांदे नावाचा पसरट डाव पाण्यात बुडवून त्याने लांबट गोळे काढायचे आणि ताटात एकावर एक रचायचे. पहिलं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. पेज घाईने उरकली तर न्सिमा कच्ची लागते आणि रात्रभर पोटात दगड बसतो.

पीठ दोन प्रकारचं. म्गाइवा म्हणजे सालासकट दळलेलं. उफा वोयेरा म्हणजे पांढरं पीठ: मक्याचा कोंडा काढायचा, दाणे दोन-तीन दिवस भिजत घालायचे, धुऊन वाळवायचे, मग दळायचे. सत्त्व बरंचसं कोंड्याबरोबर जातं, पण पाहुण्यापुढे पांढरंच येतं. म्गाइवा हे टंचाईचं पीठ समजलं जातं. तुम्ही आवडीने म्गाइवा खाताय हे शेजाऱ्यांना समजायला वेळ लागतो, तोवर ते तुमच्या पैशाची काळजी करत बसतात. गिरणीला चिगायो म्हणतात. ती बहुधा डिझेलवर चालते, आणि परकीय चलनाच्या चणचणीमुळे देशात इंधनाचा तुटवडा वारंवार होतो, म्हणून आठवडाभराचं पीठ घरात हवं.

मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तेव्हा स्वस्त. डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने, तेव्हा भाव गगनाला भिडलेले. म्हणून मेमध्येच ५० किलोचं पोतं घेऊन ठेवावं. घ्यायच्या आधी मिठाची परीक्षा करा: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोनेक मिनिटं हलवा, मग थोडा वेळ बाटली तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, साठवू नका, बुरशी येईल. कोरडा असेल तर आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या असलेल्या हवाबंद पोत्यात, प्रत्येक पिशवी वेगळी पिरगळून बांधून ठेवा. आत हवा राहिली नाही की सोंडे आपोआप मरतात, पावडर लागत नाही. पोतं भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवा. भिंतीला टेकलेलं काहीही वाळवी शोधून काढते.

शाकाहाऱ्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. भागतं, चांगलं भागतं. मोहरीचा पाला, भोपळ्याचा पाला, चवळीचा पाला, राजगिऱ्याच्या जातीची बोनोंग्वे या भाज्या टोमॅटो आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवतात. त्या कुटाला न्सिंजिरो म्हणतात. शेंगदाणे घेताना सुरकुतलेले, काळपट दाणे वेचून फेकून द्या, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असतं. न्येम्बा म्हणजे घेवड्याचे दाणे बारा महिने. तूर तर भरपूर: तिथे ती नांदोलो, आणि वर्षाला ५०,००० टन तूर मलावीतून घ्यायचा पाच वर्षांचा करार भारताने २०२१ मध्ये केला. गावात मात्र डाळ मिळत नाही, अख्खी तूर मिळते. ती रात्रभर भिजवून लाकडावर दीड-दोन तास शिजते, म्हणून तीन लिटरचा कुकर आणि जास्तीचं रबर सामानात हवंच. डाळ, हिंग, जिरं लिलाँग्वेच्या ओल्ड टाउनमध्ये आणि ब्लांटायरच्या लिंबे भागात भारतीय दुकानांतून मिळतं. एक सांगायचं: ‘मांस खात नाही’ म्हटलं की मासळी बाद होत नाही. उसिपा ही सुकी बारीक मासळी भाजीत सहज पडते. मांस, कोंबडी, मासळी ही तिन्ही नावं वेगवेगळी घ्या.

आजारपण

मलेरिया सरोवराकाठी आणि शिरे खोऱ्यात सर्वाधिक, पण सुटका कुठेच नाही. प्रतिबंधक गोळी कुठली हे डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते, उन्हात कातडी लवकर भाजते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण ज्यांना नैराश्याचा किंवा मानसिक आजाराचा त्रास होऊन गेलाय त्यांनी घेऊ नये. बहुतेक जण सहा महिन्यांनी गोळी सोडतात, कारण गावातले लोक कुठे घेतात! गावातल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून चावे खाऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. आपल्याला ती नाही.

मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची आणि सूर्यास्ताआधी खोचायची. जूनमध्ये साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन बोटातल्या रक्ताची चाचणी करून घ्यायची, वीसेक मिनिटांत निकाल. सरकारी केंद्रात उपचार फुकट आहेत, पण गोळ्या संपलेल्या असू शकतात, म्हणून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचा एक पूर्ण कोर्स स्वतःजवळ हवा: मोठ्या माणसाला चार गोळ्या सकाळ-संध्याकाळ तीन दिवस, एकूण २४. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी. हे औषध स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगात नीट शोषलं जातं, म्हणून गोळ्यांसोबत मूठभर शेंगदाणे खा. तापात काही खाववत नाही म्हणून उपाशीपोटी गोळ्या घेतल्या तर औषध निम्मंशिम्मं वाया जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप परत येतो.

सरोवरात पोहणार असाल (आणि मलावी सरोवर पाहिल्यावर कोण थांबतं) तर लव्हाळ्यांजवळचं उथळ, संथ पाणी टाळा. तिथल्या गोगलगायींतून बिलहार्झिया हा जंतांचा रोग होतो. शेवटच्या पोहण्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल घ्या. लगेच घेतलं तर कोवळ्या जंतांवर ते चालत नाही.

कपडे सावलीत किंवा गवतावर वाळवले तर एक माशी ओलसर शिवणीत अंडी घालते आणि अळ्या कातडीत शिरतात. कडक उन्हात दोरीवर वाळवा आणि कोळशाच्या इस्त्रीने शिवणी, पट्टे आणि आतले कपडे भाजून काढा. तरीही फोड आलाच आणि मधोमध बारीक छिद्र हलताना दिसलं तर फोडू नका. व्हॅसलीनचा जाड थर लावून ठेवा. हवेसाठी अळी वर येते, मग दोन्ही बाजूंनी दाबून अख्खी काढा. तुटली तर पिकते. माटेकेन्या या पिसवा मात्र पायाच्या बोटांत शिरतात. त्याला बंद बूट हाच उपाय, आणि शिरलीच तर सुई उकळून काढणाऱ्या शेजारच्या आजीइतकं कुशल कुणी नाही.

मलावी भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत नाही, पण तिथली बरीच विमानं अदिस अबाबा किंवा नैरोबीहून जातात आणि ते देश यादीत आहेत. परतताना विमानतळावर वाद नको असेल तर निघण्यापूर्वी किमान दहा दिवस लस घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेवा.

वीज, पैसे, रस्ता

२० वॉटचं सौर पॅनल दिवसाला ६०-७० वॉट-तास देतं. फोनला २० धरले तर फोन, दिवा आणि रेडिओ आरामात चालतात, लॅपटॉप नाही. पावसाळ्यात सलग तीन दिवस ढग असतात, त्यासाठी २०,००० एमएएचची पॉवर बँक. त्यातून फोन अडीच वेळा भरतो, जाहिरातीतल्यासारखा चार वेळा नाही. बाजारातल्या चार्जिंगच्या टपरीवर फोन ठेवताना सिमकार्ड काढून घ्यावं.

पैसे फोनवर: एअरटेल मनी किंवा टीएनएमची म्पाम्बा. एजंट प्रत्येक बाजारात असतात, पण महिनाअखेरीला शिक्षकांचे पगार झाले की त्यांच्याकडची रोकड संपते. म्हणून पैसे महिन्याच्या मध्याला काढा. एटीएम बोमात, म्हणजे जिल्ह्याच्या गावी. क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात ४४ टक्के झालं होतं, तेव्हा सगळी रक्कम एकदम बदलून ठेवू नका. संस्थेशी भत्त्याचा करार डॉलरमध्ये की क्वाचात, हे निघण्याआधी विचारा.

मिनीबस भरली की निघते, वेळेवर नाही. पुढे कबाझा, म्हणजे भाड्याची सायकल किंवा मोटारसायकल. मटोला म्हणजे उघडा ट्रक. त्याच्या कडेवर बसू नका, पोत्यांवर मधे बसा. अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका, बिनदिव्यांच्या सायकली, बैलगाड्या आणि गुरं सगळी डांबरावरच असतात.

माणसं आणि काम

पहिल्या दिवशी गावच्या म्फुमूला, म्हणजे मुख्याला भेटायचं, आणि ते अनेक गावांवरच्या गटमुख्याच्या हाताखालचे असतील तर त्या गटमुख्यालाही. साखर आणि साबण न्यावा. अंगणाच्या कडेला थांबून ‘ओदी!’ म्हणून हाक द्यायची, ‘ओदिनी’ आलं की आत. वस्तू देताघेताना उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला. बायांनी चितेंजे गुडघ्याखालपर्यंत गुंडाळावं, पँट घातली असली तरी वरून. वयाने मोठ्यांना अमायी, अबाम्बो, म्हाताऱ्यांना अगोगो. भेटल्यावर ‘मुली ब्वांजी?’ (कसे आहात?) विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. चालता चालता विचारून पुढे गेलात तर न विचारण्यापेक्षा वाईट दिसतं. मुलं तुम्हाला म्वेन्ये म्हणून ओरडतील, कारण शहरातले दुकानदार बरेचसे भारतीय वंशाचे. त्यावरून तुमच्याकडे पैसे आणि दुकान दोन्ही आहेत असा समज होतो. दुकान नसल्याचं सांगून टाका, पैशाचं कुणी मानणार नाही.

गावात मलिरो, म्हणजे मयत झालं की काम थांबतं. शाळेतली मीटिंग, पंपाची दुरुस्ती, लसीकरण, सगळं. जायचं, बायकांत बायका आणि पुरुषांत पुरुष बसतात तसं जमिनीवर बसायचं, पीठ, लाकूड किंवा थोडे पैसे द्यायचे. वेळापत्रकात दर महिन्याला दोन-तीन दिवस असे जाणार हे गृहीतच धरा.

मीटिंग ठेवायची तर डिसेंबर-जानेवारीत ठेवूच नका, लोक पहाटेपासून शेतावर असतात आणि पोट अर्धं रिकामं असतं. मे ते ऑगस्ट हा कामाचा काळ. वेळ दुपारी दोनची द्या, तीनला सुरू होईल. आणि पहिल्याच बैठकीत कुणीतरी भत्त्याचं विचारेल. मोठ्या संस्थांनी प्रशिक्षणाला येणाऱ्यांना रोख भत्ता देण्याची सवय वर्षानुवर्षं लावली आहे, लोकांचं यात काही चूक नाही. पण एकदा रोख दिली की पुढे फुकटची बैठक होत नाही. चहा-बन द्या, बैठक दीड तासात संपवा, आणि पैसे नाहीत हे निमंत्रणातच म्फुमूंकडून सांगायला लावा. पहिल्या दोन बैठकांना माणसं कमी येतील. जी येतील ती कामाची.

वर्गात शिकवणार असाल तर हे आधी लक्षात घ्या की प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे आणि खालच्या इयत्तांत एकेका वर्गात शंभरच्या वर मुलं बसतात. पुस्तकं पुरत नाहीत, म्हणून फळा हेच पुस्तक. त्याला दर सहामाहीला काळा रंग द्या आणि खडू स्वतःच्या पिशवीत ठेवा.

मुक्काम संपायला महिना राहिला की गाव तुमच्या सामानाकडे बघू लागतं, आणि सायकल कुणाला देणार याची चर्चा तुमच्या आधी गावात होते. फुकट वाटप करू नका. भांडी, गादी, पॅनल, सायकल यांची यादी करून कमी पण ठरलेल्या किमतीला विका. पाण्या-धुण्याला मदत करणाऱ्या बाईंना पहिली निवड द्या आणि त्यांचे शेवटच्या महिन्याचे पैसे वस्तूंतून वळते करू नका, रोख द्या. व्यवहार म्फुमूंसमोर वहीत लिहून घ्या, नाहीतर नंतर त्या बाईंवर सायकल चोरल्याचा आळ येतो.